वाट चुकलेल्या पोरांचा खर्च



कामगार चळवळीत ज्याची उमेद सरली त्या माणसाला एक खोड जडते. सरकारने अमुक वर्गाच्या हितासाठी कायदा केला असे कोणी आनंदाने सांगू लागले, की याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा, की पैसा कोणत्या शीर्षाखाली धरला आहे? कायदा छापून झाला आणि तो राबवावयाचा निरीक्षक मात्र नेमलाच नाही, असे त्याने इतक्या वेळा पाहिलेले असते की त्याचा इलाज नसतो. त्याच खोडीने मी आजचा विषय निवडला. चोरीमारी करणारी, घरातून पळालेली, भीक मागणारी, ज्यांना कोणीच नाही अशी जी मुले सरकारच्या हाती लागतात, त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यात आणि पुढे महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांत कोणकोणते कायदे झाले याची जंत्री वकील मंडळी देतील. मला बोलावयाचे आहे ते त्या मुलांच्या खर्चाविषयी. तो वेळोवेळी कोणी उचलला, कशासाठी उचलला, आणि कशासाठी उचलावयाचे टाळले.

आरंभ १८५० पासून करू. त्या वर्षी कंपनी सरकारने उमेदवारीचा कायदा केला. दहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील मुलास एखाद्या कारागिराकडे किंवा धंदेवाल्याकडे जास्तीत जास्त सात वर्षे बांधून द्यावे, अशी त्यात तरतूद होती. सामान्यतः बापाने किंवा पालकाने हा करार करावयाचा. परंतु मूल पोरके असेल, टाकून दिलेले असेल, किंवा भटकण्याबद्दल अगर किरकोळ गुन्ह्याबद्दल दोषी ठरले असेल, तर मॅजिस्ट्रेटने पालकाच्या जागी उभे राहून सही करावी. जहाजावरच्या कामालासुद्धा मुले अशी देता येत. या व्यवस्थेतील मेख अशी, की सरकारला दमडीचाही खर्च नव्हता. पोराच्या भाकरीचा खर्च पोराच्याच घामातून निघावयाचा. मालक त्याला शिकवील की नुसता राबवील, हे पाहणारा माणूस नेमावयाचा तर त्याला पगार द्यावा लागला असता.

सात वर्षांनी, म्हणजे १८५७ साली, मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारशाळा उभी राहिली. ‘बाँबे टाइम्स’चे संपादक डॉक्टर जॉर्ज बुइस्ट यांनी मुलांसाठी एक उद्योगशाळा आधी चालविली होती, तिच्या पायावर ही उभारणी झाली. बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईस आलेल्या या यहुदी सावकाराच्या दातृत्वाच्या खुणा पुण्यातही आहेत. ससून रुग्णालय कोणाला ठाऊक नाही? पण ही दौलत ज्या व्यापारावर उभी होती त्यात कापसाबरोबर चीनला जाणारी अफूही होती, हे विसरून चालत नाही. देणाऱ्याला नावे ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्या काळी राज्यकर्ता हात आखडतो त्या काळी वाट चुकलेल्या पोराला वाट दाखविण्याचा खर्च व्यापाऱ्याच्या मर्जीवर येऊन पडतो, आणि व्यापाऱ्याचा पैसा कुठून आला हे विचारण्याची सोय मग कोणालाच राहात नाही, एवढेच म्हणावयाचे आहे. ती संस्था टिकली. माटुंगा-माहीम भागातील डेव्हिड ससून औद्योगिक शाळा म्हणून मुंबईकर तिला ओळखतात.

दाता एक, शहर एक, शाळा एक. बाकीच्या इलाख्याचे काय? बाकीच्यांसाठी १८६४ साली फटक्यांचा कायदा आला. अल्पवयीन गुन्हेगाराला इतर शिक्षेऐवजी वेताचे फटके मारून सोडून देण्याची मुभा त्याने दिली. शिपाई पगारी होताच, वेत जंगलात मिळतो. हिशेबाच्या दृष्टीने याहून स्वस्त न्याय शोधून सापडणार नाही. दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर हिंदुस्थानात आल्या. इंग्लंडात १८५४ साली जो बालगुन्हेगारांचा कायदा झाला त्यामागे या बाईंची खटपट मोठी होती. त्या कायद्याने धर्मादाय सुधारशाळांना सरकारी तिजोरीतून दर मुलामागे मदत मिळू लागली आणि आईबापांकडूनही आठवड्याचा हप्ता वसूल करण्याची सोय झाली. बाईंनी इथले तुरुंग पाहिले, मोठ्या गुन्हेगारांबरोबर कोंडलेली मुले पाहिली आणि सरकारकडे सुधारशाळांसाठी भुणभुण लावली. त्या चार वेळा या देशात येऊन गेल्या.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, पहिला सुधारशाळा कायदा झाला आणि १८९७ मध्ये तो सुधारून पुन्हा करण्यात आला. नव्या कायद्यात मुलाची व्याख्या पंधरा वर्षांखालील ‘मुलगा’ अशी होती. मुलीचा त्यात विचारच नाही. ती जणू वाट चुकतच नसावी. मॅजिस्ट्रेटने मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत पाठवावे असे कायदा म्हणतो. तीन ते सात! पावशेर डाळ चोरणाऱ्याला प्रौढपणी तीन महिने पडले असते तर बालपणी तीन वर्षे. सरकारची बाजू अशी, की शिक्षण द्यावयाचे तर वेळ हवा. ते काही अगदी खोटे नव्हे. पण मुलाचे हित आणि त्याची कोठडी यांचे मोजमाप एकाच फूटपट्टीने होऊ लागले ते तेव्हापासून. शिवाय सरकारने सुधारशाळा ‘काढाव्यात’ असे कायदा म्हणत नव्हता. ‘काढता येतील’ एवढेच म्हणत होता. या दोन क्रियापदांमधले अंतर रुपये-आणे-पैंत मोजावयाचे असते. येरवड्याला अशी शाळा झाली. जिल्ह्याजिल्ह्यांत काही ती झाली नाही.

आता याच वर्षांत ज्या पोराने काहीच चोरले नव्हते त्याचे काय चालले होते ते पाहा. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलास गिरणीत घेण्यास बंदी केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये असे ठरविले. ही त्या काळची सुधारणा होती! १८९१ मध्ये वय नऊवर आणि तास सातांवर आले. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालविलेल्या गिरणी कामगारांच्या चळवळीचा रेटा होता. म्हणजे सुधारशाळेत सुतारकीच्या बाकावर बसलेला गुन्हेगार मुलगा आणि परळच्या गिरणीत बॉबिन पोचविणारा निरपराध मुलगा यांच्या दिवसांत फरक काय होता? पहिल्याला सरकार थोडेफार खाऊ घालत होते. दुसरा घरच्यांना खाऊ घालत होता. पुढे १९२२ साली कारखान्यातील किमान वय बारा झाले. मुंबई महापालिकेने सक्तीचे मोफत शिक्षण एफ आणि जी या गिरण्यांच्या वॉर्डांत सुरू केले ते १९२५ मध्ये. या दोन तारखांच्या मधल्या फटीत जी पोरे गिरणीतून सुटली आणि शाळेत पोचली नाहीत, ती रस्त्यावर आली असली पाहिजेत असे मला वाटते. आणि मुंबईचा मुलांचा कायदा नेमका १९२४ चा आहे, हा योगायोग मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्या कायद्याकडे येण्यापूर्वी एका काळ्या प्रकरणाचा उल्लेख केला पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जातीजमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. १९११ साली तो नव्याने करताना सहा ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून उद्योगशाळेत किंवा सुधारवसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत आपल्याकडील जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. तिथल्या माणसांचे हात गिरण्यांच्या कामी आले. ससूनच्या शाळेसाठी दाता शोधावा लागला, परंतु पारध्याच्या पोराला आईपासून तोडावयाचे तेव्हा तिजोरीला पैसा सापडला. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. कुंपण गेले, शिक्का मात्र पोलीस ठाण्यांच्या वहीत आणि लोकांच्या मनात राहिला, आणि विमुक्तांची मुले आजही संशयाने प्रथम पकडली जातात.

असो. १९१९-२० च्या हिंदी तुरुंग समितीने सांगितले की मुलांना तुरुंगात पाठवू नये, त्यांच्यासाठी निराळी न्यायालये असावीत, चौकशी होईपर्यंत ठेवण्यास निराळी घरे असावीत. मद्रासने १९२० मध्ये कायदा केला, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये. आपल्याकडे तो प्रत्यक्ष अमलात यावयास १९२७ उजाडले, कारण न्यायालयाला जागा हवी, मुलांना घर हवे, आणि ते चालवावयाचे कोणी हा प्रश्न सुटला नव्हता. तोड निघाली ती खास मुंबईची. १ मे १९२७ रोजी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. धड सरकारी खाते नाही, धड खाजगी धर्मादाय संस्था नाही. सरकारने दर मुलामागे अनुदान द्यावयाचे, बाकीचा पैसा शहरातील सज्जनांकडून गोळा करावयाचा. राज्याचे मुख्यमंत्री हे या संस्थेचे पदसिद्ध अध्यक्ष. आणि तरीही संस्था नोंदणीने ‘खाजगी’.

तिच्या पदरात पडलेली उमरखाडीची वास्तू म्हणजे डोंगरीचा जुना तुरुंग. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर या दोघा सव्वीस वर्षांच्या तरुणांनी जिथे एकशे एक दिवस काढले, आणि ज्यावर आगरकरांनी पुस्तक लिहिले, तोच हा तुरुंग. मुलांना तुरुंगात ठेवू नये म्हणून कायदा करावयाचा, आणि मग नवे घर बांधण्यास पैसा नाही म्हणून त्यांना जुन्या तुरुंगात ठेवावयाचे! शेकडो आया पोरांना धाक घालताना ‘रिमांडला टाकीन’ म्हणत आल्या त्या उगीच नव्हे. दगडी भिंतीला नवीन पाटी लावली तरी भिंत काय आहे ते मूल ओळखते.

येथे जरा थांबून अनुदानाच्या रीतीचा विचार करू, कारण माझ्या मते साऱ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. डोईगणिक अनुदान म्हणजे जितकी मुले जितके दिवस संस्थेत, तितके पैसे. समजा एखाद्या संस्थेत शंभर मुले आहेत. अधीक्षकाने मनापासून काम केले, वीस मुलांची घरे शोधली आणि त्यांना आईबापांकडे पोचते केले. शाबासकी मिळावी असे हे काम. परंतु पुढच्या महिन्याचे अनुदान एक पंचमांशाने घटले. स्वयंपाकी तितकाच, पहारेकरी तितकेच, इमारतीची गळती तितकीच. मूल घरी गेल्याबद्दल संस्थेला दंड आणि मूल राहिल्याबद्दल बक्षीस, असा हा हिशेब होतो. यात कोणी दुष्ट असावयास लागत नाही. चांगल्या माणसांकडूनही ही रीत चुकीचे काम करवून घेते. पीसरेटवर काम करणाऱ्या कोणत्याही विणकराला हे समजावून सांगावे लागत नाही. मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणारा, शेजाऱ्यांशी बोलणारा, बापाला समजावणारा, सुटलेल्या मुलाला वर्षभर भेटत राहणारा परिवीक्षा अधिकारी मात्र डोईत बसत नाही. त्याच्यासाठी संस्थेने देणग्यांकडे पाहावे.

एक चांगली गोष्ट नोंदविली पाहिजे. नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याची पदवीशाळा निघाली, ती सर दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधीतून. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो ती हीच. बालन्यायालयाला शिकलेली माणसे मिळू लागली ती यामुळे. म्हणजे पुन्हा दाताच! सरकारने १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांचा कायदा करून धारवाडला थोड्या मोठ्या मुलांची सोय केली होती, १९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळाच्या काळात गुन्हेगार परिवीक्षा कायदा झाला, आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, मुलांचा कायदा नव्याने झाला. तो त्या काळच्या मानाने उत्तम होता. त्याच्या आधाराने जिल्ह्याजिल्ह्यांत परिवीक्षा व अनुरक्षण संघटना निघाल्या आणि त्यांनी निरीक्षणगृहे चालविली. वकील, शिक्षक, डॉक्टर यांनी विनावेतन कष्ट घेतले, घरोघर फिरून धान्य जमविले. ज्याने अशा संस्थेचा जमाखर्च लिहिला आहे त्याला अनुदानाचा हप्ता केव्हा येतो आणि वाण्याचे बिल केव्हा येते यातील अंतर पाठ असते. या मंडळींविषयी मला आदर आहे. पण सरकारने जे स्वतःचे कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिले ते त्यांच्या सौजन्यावर ढकलले, हेही खरे.

आता मी अशा एका प्रकरणाकडे वळतो ज्याचा बालन्यायाच्या पुस्तकांत उल्लेख सापडत नाही, आणि माझ्या मते तो असावयास हवा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, डॉक्टर दत्ता सामंतांचे नेतृत्व. संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. तो विरून गेला, आणि त्याबरोबर लाखभर घरांची चूल विझली. मी त्या वेळी शाळकरी पोर होतो. चाळीत महिन्याच्या महिन्याला काय बदलत गेले ते आठवते: प्रथम दूध थांबले, मग शिकवणी थांबली, मग मोठी मुले शाळेत जावयाची थांबली. काही गावी गेली. काही हातगाडीवर, कुरिअरच्या पिशवीमागे, वडापावच्या टपरीवर उभी राहिली. आणि काही टोळ्यांत गेली. परळ, लालबाग, भायखळा इथल्या टोळ्यांचा जोर त्यानंतरच्या दशकात वाढला; गिरणगावच्या माणसांच्या आठवणींचे जे ग्रंथ पुढे निघाले त्यांत हे पानोपानी आहे. गिरणगावचा पोर म्हणजे गुंड अशी एक समजूत या शहराने करून घेतली ती अन्यायाची आहे, कारण बहुतेक पोरांनी मुकाट्याने हमाली पत्करली. तथापि जी गेली ती का गेली, हा प्रश्न उरतोच.

हिशेबाच्या वहीत उत्तर शोधू गेलो तर असे दिसते, की सोळा वर्षांच्या मुलाच्या बापाची नोकरी गेली, त्याची शाळा सुटली, तो दिवसभर नाक्यावर उभा राहू लागला, इथपर्यंत सरकारच्या अंदाजपत्रकात त्याच्या नावे एकही शीर्ष नव्हते. त्याने कोणाची चेन खेचली की लगेच सगळी शीर्षे उघडत: पोलीस, न्यायालय, निरीक्षणगृह, पुढे तुरुंग. गुन्हा ही त्याच्यासाठी सरकारी खर्चाची पात्रता ठरली. एक अडीचशे रुपयांची शिष्यवृत्ती, एक संध्याकाळची कार्यशाळा, एक खेळाचे मैदान यांना कोणी आधी पैसे दिले असते तर किती पोरे वाचली असती याचे गणित मांडता येत नाही, आणि न मांडता येणाऱ्या गणिताला वित्तखाते मंजुरी देत नाही. मैदानाचे म्हणाल, तर १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनींपैकी एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी ठेवली होती. २००१ मध्ये नियमाचा अर्थ फिरवून ती फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती केली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. तिथे आता मॉल आहेत, आणि त्यांच्या दारात पहारेकरी म्हणून उभी आहेत ती पुष्कळदा त्याच घरांतली मुले.

त्याच दशकात दिल्लीच्या पातळीवर मोठी घडामोड झाली आणि तिचे श्रेय मुंबईच्या एका पत्रकार बाईंकडे जाते. शीला बर्से यांनी देशभरच्या तुरुंगांतील मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की कोणत्याही परिस्थितीत मुलाला तुरुंगात ठेवता कामा नये. राज्याकडे निरीक्षणगृहात जागा नसेल तर मुलाला जामिनावर सोडावे. या एका वाक्याचे मोल मला फार वाटते. पैसा नाही ही सबब आजवर मुलाच्या विरुद्ध वापरली जात होती; न्यायालयाने ती सरकारच्या विरुद्ध फिरविली. त्याच वर्षाच्या अखेरीस बर्सेबाईंच्या दुसऱ्या प्रकरणाचा निकाल लागला, आणि त्यात प्रतिवादी होती आपली चिल्ड्रन्स एड सोसायटीच. निरीक्षणगृहात मुले फार काळ राहू नयेत, तिथे असतील तोवर त्यांना आयुष्यास उपयोगी पडेल अशा कामात गुंतवावे, असे न्यायालय म्हणाले. आणि मुख्य म्हणजे, ही संस्था सरकारचेच अंग समजली पाहिजे असे त्याने ठरविले. एकोणसाठ वर्षे जी धड इकडची नव्हती की तिकडची नव्हती, तिचे कुळ अखेर लागले.

१९८६ चाच बालन्याय कायदा २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला आणि मुंबईचा १९४८ चा कायदा इतिहासजमा झाला. कायदा दिल्लीने करावयाचा, खर्च राज्याने करावयाचा, असा नवा संसार सुरू झाला. २००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांनाही अठराची मर्यादा दिली, आणि एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक यांचे बाल न्याय मंडळ आणले. केंद्राने भरीव पैसा घातला तो मात्र २००९-१० मध्ये, एकात्मिक बाल संरक्षण योजनेच्या नावाने. आता तिचे नाव मिशन वात्सल्य. महाराष्ट्रासारख्या राज्यात खर्चाचे साठ टक्के केंद्र देते आणि चाळीस राज्य. संस्थेतील मुलामागे महिन्याला प्रारंभी ७५० रुपये मिळत. २०१४ मध्ये ते २,००० झाले आणि २०२२ मध्ये ३,०००. तीन हजार म्हणजे दिवसाला शंभर रुपये. त्यात दोन जेवणे, न्याहारी, कपडा, साबण, वही. माझ्या ओळखीच्या कोणत्याही गृहिणीने हा हिशेब जमवून दाखवावा.

एक बदल स्वागतार्ह झाला. मूल संस्थेत न घालता घरातच राहावे म्हणून कुटुंबाला दरमहा ४,००० रुपये देण्याची तरतूद मिशन वात्सल्यमध्ये आहे, आणि महाराष्ट्राच्या स्वतःच्या बालसंगोपन योजनेत रक्कम १,१०० वरून २,२५० झाली. घरी राहणाऱ्या मुलाची रक्कम संस्थेतल्या मुलापेक्षा अधिक धरली गेली ही डोईगणिक अनुदानाच्या इतिहासात उलट दिशेने पडलेली पहिली ठोस पायरी होय. पण साऱ्या देशासाठी या मिशनची तरतूद पाहावी तर २०२२-२३ मध्ये १,४७२ कोटी, २०२३-२४ मध्ये १,४७२ कोटी, २०२४-२५ मध्ये १,४७२ कोटी आणि २०२५-२६ मध्ये १,५०० कोटी. तीन वर्षे आकडा हलला नाही. तांदूळ, तेल आणि घरभाडे मात्र हलत राहिले. महागाई भत्त्यासाठी ज्यांनी आयुष्यभर भांडणे केली त्यांना याचा अर्थ सांगावयास नको: गोठलेली रक्कम म्हणजे कपात.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या भीषण प्रकरणानंतर देशाचा संताप कायद्यात उतरला. २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर तो प्रौढाप्रमाणे चालवावा की कसे हे आधी पारखावयाचे. ही पारख करण्यास मानसशास्त्रज्ञ लागतो. परिवीक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासाचा अहवाल द्यावयाचा, मंडळाने चार महिन्यांत चौकशी पुरी करावयाची. आणि या साऱ्यासाठी निधी? कलम १०५ म्हणते, राज्य सरकारला ‘निधी निर्माण करता येईल’. १८७६ चे क्रियापद पुन्हा आले. सक्ती मुलाला, मुभा सरकारला. २००५ पासून चाललेल्या संपूर्णा बेहुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी जो निकाल दिला, त्यात रिकाम्या जागा भरा आणि माणसे द्या हे सरकारांना पुन्हा बजावावे लागले.

मे २०२४ मध्ये पुण्यातील एका मोटार अपघातात दोन तरुण जीव गेले आणि अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा महाराष्ट्र खवळला. दैनिकांनी बाल न्याय मंडळ म्हणजे काय ते चौकटी आखून समजावून सांगितले. राग रास्त होता. परंतु त्या मंडळासमोर वर्षानुवर्षे जी मुले उभी राहतात त्यांतील बहुतेकांच्या बापाकडे मोटारच काय, वकिलाच्या रिक्षाचे भाडेही नसते, आणि त्यांच्याविषयी एकही चौकट छापून आली नाही.

शेवटी माझ्या धंद्याची गोष्ट. या साऱ्या यंत्रणेतील समुपदेशक, समाजसेवक, परिवीक्षेचे काम करणारे अधिकारी यांतील मोठा भाग कंत्राटी आहे. मानधन ठरीव, मुदत संपली की नव्या कागदाची वाट, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी यांची भांडणे. ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नाही त्याने सतरा वर्षांच्या मुलाला पुढच्या आयुष्याची खात्री द्यावी अशी आपली अपेक्षा आहे. मुलाचा विश्वास बसावयास आठ-दहा महिने लागतात, आणि तेवढ्यात हा माणूस बदलतो. गडचिरोली जिल्हा घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. सिरोंचाच्या मुलावर आरोप आला, तर अधिकाऱ्याने एस. टी. ने तिथवर जावयाचे, पुढे गावापर्यंत मिळेल त्या वाहनाने, आईबाप रानात गेले असतील तर संध्याकाळपर्यंत बसावयाचे, मास्तरांना आणि शेजाऱ्यांना विचारावयाचे, रात्री मुक्काम शोधावयाचा, परत येऊन अहवाल लिहावयाचा. कायद्याने दिलेले दिवस पंधरा, आणि तेवढ्याच दिवसांत धानोऱ्याचा, एटापल्लीचा आणि चामोर्शीचा मुलगाही त्याच्या टेबलावर असू शकतो.